ओंडका फोडायचा, तर लिटर मोजा

मुळा नदीकाठचे महाळुंगे मुळशी तालुक्यातले गाव. 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी ते एक. एका अंगाला बालेवाडी, नदीपलीकडे हिंजवडी, आणि मधल्या जमिनीवर इमारती. तालुक्याच्या पश्चिम भागात मात्र अजून आंबेमोहर आणि इंद्रायणी पिकतो, आणि चिखलणीसाठी छोटा ट्रॅक्टर लागतो. भाताचा हंगाम सरला की या ट्रॅक्टरला पुरेसे काम उरत नाही. त्याच पट्ट्यात पावसाळ्यात झाडे उन्मळतात, बांधकामासाठी परवानगीने तोडली जातात, बांधावरचा वठलेला आंबा किंवा करंज आडवा होतो. फांद्यांचे सरपण लगेच उचलले जाते. बुंधा मात्र पडून राहतो, कारण तो फोडल्याशिवाय ना चुलीत जातो, ना बंबात, ना आचाऱ्याच्या भट्टीत. रिकामा ट्रॅक्टर आणि न फुटलेला बुंधा यांची गाठ घालणारे यंत्र म्हणजे ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे लाकूडफोड यंत्र. एक लोखंडी तुळई, तिच्या एका टोकाला पोलादी पाचर, दुसऱ्या टोकाला सिलिंडर; एवढाच त्याचा पसारा. छोट्या ट्रॅक्टरला हे काम झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण अश्वशक्तीत शोधतात. माझे म्हणणे असे की ते उत्तर तेलात आहे: पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो आणि ते किती दाबाने देतो, यात.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा जन्म कशासाठी झाला हे आधी ध्यानात घ्यावे. तेलाच्या किंवा पाण्याच्या दाबाने मोठे बळ मिळवण्याची कल्पना जुनी. जोसेफ ब्रामा याने इंग्लंडमध्ये 1795 साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. ती शेतात रुजली हॅरी फर्ग्युसनमुळे. त्याची तीन बिंदूंची जोडणी आणि तेलावर उचलणारे हात 1936 च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आले, 1939 पासून फोर्डबरोबरच्या ट्रॅक्टरवर ते दूरवर पोहोचले, आणि आजचा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर थोड्याफार फरकाने तीच रचना वापरतो. तिचे मूळ काम नांगर उचलणे. खाली यायला नांगराचे वजनच पुरते, म्हणून तेल एकाच बाजूने ढकलले तरी भागते. ट्रॉली उलटी करणारा जॅकही तसाच, एका पाइपचा. ओंडका फोडताना मात्र दांड्याला परत आणणारे वजन नसते, तो तेलाच्या जोरानेच मागे ओढावा लागतो. त्यासाठी दोन पाइपचा, दोन्ही बाजूंनी चालणारा सिलिंडर आणि तसाच वॉल्व्ह हवा. हायड्रॉलिक पलटी नांगर चालवणाऱ्यांना हा वॉल्व्ह परका नाही. छोट्या ट्रॅक्टरवर तो बहुधा वेगळा बसवून घ्यावा लागतो, आणि खर्चाची सुरुवात तिथून होते.

आता हिशेब. सिलिंडरचे बळ म्हणजे तेलाचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. दाब 150 बार, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण दीडशे किलो, धरू. दट्ट्याचा व्यास 10 सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटीमीटर आणि बळ जवळजवळ 12 टन. या आकड्यात इंजिनाची अश्वशक्ती कुठेही आलेली नाही. ती येते वेगात. दट्ट्याला 60 सेंटीमीटर पुढे न्यायचे तर सिलिंडरमध्ये 4.7 लिटर तेल जावे लागते. पंप मिनिटाला 15 लिटर देत असेल तर पुढे जायला 19 सेकंद लागतील. मागे येताना 5 सेंटीमीटरच्या दांड्याने जागा अडवलेली असते, म्हणून साडेतीन लिटरमध्ये आणि 14 सेकंदांत काम होते. एका फेरीला 33 सेकंद. आणि 150 बारवर 15 लिटर तेल रेटायला लागणारी शक्ती पंपातली गळती सोडली तर पावणेचार किलोवॅट, म्हणजे पाच अश्वशक्ती. अठरा-वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे इंजिन चौथाईच्या आसपास राबते, बाकीची ताकद नुसती उभी असते. म्हणून तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणला आणि त्याचा पंपही तेवढाच असला, तर ओंडका एक सेकंदही लवकर फुटणार नाही.

माहितीपत्रके या बाबतीत फारशी मदत करत नाहीत. ठळक अक्षरांत अश्वशक्ती असते, खाली उचलण्याची क्षमता. महिंद्रा युवराज 215 हा 15 अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा ट्रॅक्टर. त्याची उचल 778 किलो सांगितली जाते. हा आकडा नांगर किंवा रोटाव्हेटर निवडताना कामाचा आहे. पण हातांच्या टोकाशी किती वजन उचलले जाते यावरून आत दाब किती आणि तेल किती, हे कळत नाही, कारण मध्ये तरफांची लांबी येते. बारा टनांचे यंत्र म्हणून विकले जाणारे यंत्र तुमच्या ट्रॅक्टरवर बारा टन देईल की आठ, हे ट्रॅक्टरच्या रिलीफ वॉल्व्हवर, म्हणजे दाब ठरावीक मर्यादेवर रोखणाऱ्या झडपेवर, ठरते. तो वॉल्व्ह आवळून दाब वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. पंप, नळ्या आणि सील ज्या दाबासाठी बनले, त्यापलीकडचा प्रत्येक बार त्यांच्या आयुष्यातून वजा होतो.

पहिला आक्षेप हाच येईल की 33 सेकंद फार झाले. कसलेला माणूस तेवढ्यात कुऱ्हाडीचे चार घाव घालतो. सरळ धाग्याच्या ओल्या निलगिरीपुरते हे खरे आहे, तिथे कुऱ्हाडच वापरावी. फरक दिसतो तो गाठीच्या लाकडात. यंत्रावर दाबाचा काटा बसवला असेल तर तो पाहण्यासारखा असतो. सरळ ओंडक्यात पाचरीचे टोक शिरेपर्यंत काटा चढतो, मग चीर पाचरीच्या पुढे धावते आणि काटा पडतो. उरलेला प्रवास जवळजवळ फुकटचा. वाळलेल्या बाभळीच्या बुंध्यात, जिथून फांदी फुटलेली असते तिथे, काटा चढतो आणि चढलेलाच राहतो, धागे तुटताना कडकड आवाज येतो, इंजिनाचा सूर खाली जातो. घण आणि पाचर घेऊन माणसाचा अर्धा दिवस खाणारे लाकूड ते हेच. शिवाय चीर पुढे धावते म्हणूनच दट्ट्या दरवेळी पूर्ण न्यावा लागत नाही. तीस सेंटीमीटरच्या ओंडक्याला त्याच्या लांबीपुरती चाल पुरते, दट्ट्याही तेवढाच मागे घ्यायचा, आणि फेरीचा वेळ निम्म्यावर येतो. ओंडका उचलून तुळईवर ठेवायला एका माणसाला तितकाच वेळ लागतो. यंत्र त्याची वाट पाहते, तो यंत्राची नाही. तरीही घाई असेल तर 8 सेंटीमीटरचा सिलिंडर घ्यावा: बळ साडेसात टनांवर येते, पण पूर्ण फेरी वीसेक सेकंदांत होते. नेहमीच्या आंब्या-गुलमोहरासाठी हा सौदा फायद्याचा आहे, जाड बाभळीसाठी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे आणि गिअरपेटीचे तेल एकच असते. बाहेरच्या नळ्यांतून आलेला भुसा आणि धूळ गिअरांपर्यंत जाते, आणि दट्ट्या टोकाला टेकवून लिव्हर धरून ठेवली की सगळी शक्ती रिलीफ वॉल्व्हमधून उष्णतेत जाते. ही भीती खरी आहे, पण तिला उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. कपलर जोडण्याआधी पुसावेत, सुटे असताना त्यांना टोपणे असावीत, परतीच्या नळीवर गाळणी असावी, दट्ट्या मागे आला की आपोआप मध्यावर येणारा वॉल्व्ह घ्यावा, आणि बाहेर जाणारे तेल मोजूनच पातळी राखावी. रोज तासन् तास काम असेल तर मात्र पीटीओवर, म्हणजे इंजिनाची फिरती शक्ती बाहेर देणाऱ्या दांड्यावर, चालणारा स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र टाकीच योग्य. दर फेऱ्याला 60 घनसेंटीमीटर तेल देणारा पंप 540 फेऱ्यांवर मिनिटाला 32 लिटर देतो आणि 150 बारला सुमारे अकरा अश्वशक्ती खातो. इथे इंजिनाची दडलेली ताकद कामाला येते, आणि ट्रॅक्टरचे तेल शुद्ध राहते.

लाकडाच्या वखारीत, जिथे माल एकाच जागी येतो आणि थ्री फेज वीज आहे, तिथे विजेच्या मोटरीचे यंत्र निःसंशय सरस. ट्रॅक्टरची बाजू तिथे उजवी ठरते, जिथे बुंधा हलवता येत नाही आणि यंत्रालाच बुंध्यापाशी जावे लागते. फोडणे सोपे झाले की झाडे जास्त तुटतील, अशीही शंका घेतली जाते. तोड ठरते ती परवानगीने आणि जमिनीच्या भावाने; फोडणे त्यानंतरचे काम. महापालिका हद्दीत 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष मानले आहे. यंत्रवाल्याने परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय बुंध्याला हात लावू नये, एवढा दंडक या धंद्याने स्वतःला घालून घ्यावा.

सुरक्षिततेत सवलत नाही. लिव्हर चालवणारा आणि ओंडका ठेवणारा एकच माणूस असावा, कारण दोघांच्या अंदाजात चूक झाली की बोटे जातात. नळीतून बारीक फवारा उडतोय का हे हाताने चाचपू नये. दीडशे बारचे तेल कातडीत सुईसारखे घुसते आणि जखम लहान दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया लागू शकते. पुठ्ठा फिरवून गळती शोधावी.

विकत घेण्याआधी एक चाचणी कोणालाही करता येते. ओळखीच्याचा दोन पाइपचा सिलिंडर ट्रॅक्टरला जोडावा, इंजिन कामाच्या वेगावर ठेवावे, आणि दट्ट्या पूर्ण बाहेर यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. सिलिंडरमध्ये मावणारे लिटर गुणिले साठ, भागिले सेकंद: हा तुमच्या पंपाचा खरा आकडा. तो हातात असला की सिलिंडर किती व्यासाचा घ्यायचा, पीटीओ पंप लागेल का, की मुळात कुऱ्हाडच पुरेल, हे विक्रेत्याला विचारावे लागत नाही. उत्पादकांनी हाच आकडा दाबासह मराठी माहितीपत्रकावर अश्वशक्तीच्या शेजारी छापला, तर छोट्या ट्रॅक्टरवाल्याचे पैसे वाचतील आणि हंगामाबाहेरचे दिवसही कामी लागतील.