औषधाची आठवण : वहीत ठेवावी की मोबाईलमध्ये?

‘डॉक्टर, मोबाईलमध्ये सगळी सोय असताना तुम्ही पुन्हा वही कशाला करायला सांगता?’ आईवडिलांना घेऊन दवाखान्यात येणारी तरुण मंडळी हा प्रश्न हल्ली हमखास विचारतात. त्याच वेळी शेजारी बसलेले आजोबा म्हणतात, ‘मला त्या मोबाईलमधले काही कळत नाही. कागदावर काय ते लिहून द्या.’ दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, फिट्स यांसारख्या आजारांत औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. गोळीची वेळ, तपासणीची तारीख, घरी मोजलेला रक्तदाब या साऱ्याची आठवण आणि नोंद कशात ठेवावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालानुसार दीर्घकालीन आजारांत औषधोपचार नीट पाळण्याचे प्रमाण विकसित देशांतसुद्धा सरासरी ५० टक्केच होते. गरीब देशांत ते त्याहून कमी. औषधाचा खर्च, त्याचा त्रास, ‘आता बरे वाटते’ हा समज अशी कारणे त्यामागे असतात. पण साधा विसर हेही एक मोठे कारण आहे, आणि त्यावरचा उपाय घरच्या घरी, जवळजवळ फुकट करता येतो.

काम एक नाही, दोन आहेत

‘लक्षात ठेवणे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोन वेगळी कामे असतात. पहिले काम म्हणजे ठरलेल्या वेळी आठवण होणे. दुसरे म्हणजे ते काम झाले की नाही, हे नंतर खात्रीने सांगता येणे. मोबाईलचा गजर पहिले काम उत्तम करतो, पण दुसऱ्याचे उत्तर त्याच्याजवळ नसते. वहीचे नेमके उलटे आहे. गोळी घेतल्याची खूण ती कायम दाखवते, पण कपाटात पडलेली वही रात्री आठ वाजता हाक मारत नाही.

एका आजोबांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. मधुमेहाची गोळी नाश्त्याआधी घ्यायची म्हणून नातवाने त्यांच्या मोबाईलमध्ये सकाळी आठचा गजर लावून दिला होता. गजर वाजला, आजोबांनी गोळी घेतली. दहा मिनिटांनी तोच गजर पुन्हा वाजला. गोळी घ्यायची राहिली असे वाटून त्यांनी दुसरी घेतली. तेवढ्यात कोणी भेटायला आले आणि नाश्ता लांबला. दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. घरच्यांना हृदयविकाराचा झटका वाटला. प्रत्यक्षात रक्तातील साखर खाली गेली होती. यात मोबाईलने काहीच चूक केली नव्हती. बंद करेपर्यंत वाजायचे, एवढेच त्याला ठाऊक होते. समोर भिंतीवरच्या तारखेवर एक टिकमार्क असता, तर दुसरी गोळी पोटात गेली नसती.

मधुमेहाच्या रुग्णाला अशी लक्षणे दिसल्यास तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्यावे. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावे, आणि नंतर खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही न देता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लमाइड यांसारख्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

भिंतीवरची जुनी सोय

नोंद ठेवण्याची कला आपल्या घरांना नवी नाही. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून घरोघरी लागले. त्याच्या चौकटीत दुधाचा रतीब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे असा सगळा संसार लिहिला जातो. अनेक स्त्रिया पाळीच्या तारखेवरही बारीकशी खूण करतात. ही खूण डॉक्टरांच्या फार उपयोगाची असते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले, की नियमित पाळी असणाऱ्या स्त्रीच्या बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. पाळी किती दिवसांनी येते, अंगावर किती दिवस जाते, हेही ‘बहुधा’ न म्हणता सांगता येते.

भिंतीवरचे कॅलेंडर उपयोगी पडते, कारण ते येता-जाता दिसते आणि घरातल्या कोणालाही वाचता येते. त्याचे दोषही तेच. ते प्रवासात बरोबर नेता येत नाही, खासगी गोष्ट त्यावर लिहिता येत नाही, आणि जानेवारी उजाडला की वर्षभराची नोंद रद्दीत जाते.

इलेक्ट्रॉनिक डायरीही आता जुनी झाली. १९९०च्या दशकात खिशात मावणाऱ्या ‘डिजिटल डायरी’ची मोठी हौस होती. त्यातले सेल संपले आणि वेळेवर बदलले नाहीत, की सगळे फोन नंबर व तारखा पुसल्या जात. आजच्या मोबाईलमधील माहितीची प्रत इंटरनेटवर ठेवता येते. तरीही मोबाईल हरवला आणि पासवर्ड आठवला नाही, तर गत तीच होते. एकाच ठिकाणी ठेवलेली नोंद त्या ठिकाणाबरोबर जाते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

लिहिल्याने लक्षात राहते का?

या प्रश्नावर जपानमधील टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १८ ते २९ वयाच्या ४८ जणांना काही भेटीगाठींच्या तारखा व वेळा नोंदवायला दिल्या. काहींनी त्या कागदी डायरीत लिहिल्या, काहींनी टॅब्लेटवर विशेष पेनने, तर काहींनी मोबाईलवर. कागदावर लिहिणाऱ्यांचे काम सुमारे ११ मिनिटांत झाले, टॅब्लेटवाल्यांना १४ आणि मोबाईलवाल्यांना १६ मिनिटे लागली. तासाभराने त्या नोंदी आठवायला सांगितल्या, तेव्हा सोप्या प्रश्नांत कागदवाल्यांची उत्तरे अधिक बरोबर आली, आणि स्मरणाशी संबंधित मेंदूच्या भागांत त्यांच्याकडे जास्त हालचाल दिसली. पानावर कोणती गोष्ट कुठे लिहिली, ही जागासुद्धा आठवायला मदत करते, असे संशोधकांचे मत पडले. अभ्यास लहान आहे आणि तरुणांवर केलेला आहे. त्यावरून मोबाईल टाकून द्यावा असे नव्हे. पण स्वतःच्या हाताने लिहिण्यात काही फायदा आहे, हे म्हणायला आधार मिळतो.

मोबाईल कुठे सरस?

रोज न येणाऱ्या गोष्टींसाठी मोबाईल फार चांगला. संधिवातात दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंड येते, रक्तपेशी कमी होतात आणि जिवावर बेतू शकते. तिचा वार ठरवून मोबाईलमध्ये फक्त त्याच वाराचा गजर लावावा. कुत्रा चावल्यानंतरची लस, तीन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन, बाळाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील लसी यांच्या तारखाही त्यात घालाव्यात. बाळाचे लसीकरणाचे कार्ड मात्र जपून ठेवावेच.

मोबाईल प्रवासात बरोबर असतो. चिठ्ठीचा, गोळ्यांच्या पाकिटाचा व जुन्या रिपोर्टचा फोटो त्यात ठेवता येतो. काही आजार चारचौघांत उघड करू नयेत असे रुग्णाला वाटते, तिथे कुलूप लावता येणारा मोबाईल वहीपेक्षा बरा. सरकारने २०२१ साली डिजिटल आरोग्य योजना देशभर सुरू केली. तिच्या १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला रिपोर्ट जोडून ठेवण्याची सोय आहे.

वही कुठे सरस?

घरी घेतलेल्या मोजमापांसाठी वहीला तोड नाही. पंधरा दिवसांचा रक्तदाब एका पानावर लिहिलेला असेल, तर तो सकाळी वाढतो की संध्याकाळी, औषध पुरे पडते की नाही, हे डॉक्टरांना अर्ध्या मिनिटात दिसते. मोबाईलमध्ये तेच शोधताना रुग्ण आणि डॉक्टर दोघेही कंटाळतात.

मोजण्याची पद्धतही लक्षात ठेवावी. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम टाळावा. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करून पहिला दिवस सोडून सरासरी काढतात. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांना दाखवावे. चांगलेच आकडे निवडून लिहू नयेत. त्यात फसगत आपलीच होते.

मोतीबिंदूमुळे अंधुक दिसणाऱ्या किंवा हात कापणाऱ्या वृद्धांना मोठ्या अक्षरातली वही सोपी जाते. सून, नात, शेजारीण कोणीही ती उघडून पाहू शकते. शिवाय वही उघडली की फक्त वहीच उघडते. मोबाईल गोळीसाठी हातात घेतला, की निरोप आणि व्हिडिओ पाहण्यात अर्धा तास जातो, आणि गोळी तशीच ताटलीत राहते.

वही कशी आखावी?

साधी शंभर पानी वही पुरते. पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट, आजार, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते, चालू औषधे त्यांच्या प्रमाणासह आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर लिहावा. याच मजकुराची एक चिठ्ठी पाकिटात ठेवावी. रस्त्यात चक्कर येऊन पडल्यास कुलूप लावलेला मोबाईल दुसऱ्याला सहसा उघडता येत नाही, चिठ्ठी मात्र वाचता येते.

पुढच्या पानांवर तारीख, सकाळ, दुपार, रात्र आणि मोजमाप असे रकाने आखावेत. खूण गोळी गिळल्यावरच करावी, आधी नको. पेन दोऱ्याने वहीला बांधून टाकावे. वही अशा ठिकाणी ठेवावी, की रोजच्या एखाद्या कामाशी ती आपोआप जोडली जाईल. थायरॉइडची गोळी अनशापोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते, म्हणून ती वही दात घासण्याच्या जागेजवळ ठेवावी. रात्रीच्या गोळीची ताटाजवळ.

गजर लावताना नुसता वाजणारा नको. ‘रक्तदाबाची गोळी, जेवणानंतर’ असे त्यावर लिहावे. गोळी घेतली की तो पूर्ण बंद करावा, म्हणजे पुन्हा वाजून गोंधळ होणार नाही. ‘घेतली’ अशी खूण करण्याची सोय असलेली अ‍ॅप्सही मिळतात. ज्यांना ती नेमाने वापरता येतात, त्यांना वेगळ्या वहीची गरज नाही. महिन्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो काढून परगावी असलेल्या मुलाला किंवा मुलीला पाठवावा. म्हणजे नोंद दोन ठिकाणी राहते आणि त्यांनाही घोर राहत नाही.

गोळी चुकली तर?

साधारण नियम असा : लवकर लक्षात आले तर लगेच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. घेतली की नाही हे आठवतच नसेल तर मधुमेहाची, रक्त पातळ करणारी किंवा आठवड्यातून एकदाची गोळी अंदाजाने पुन्हा घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. फिट्सच्या आणि क्षयाच्या गोळ्या वारंवार चुकत असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. एखाद-दुसऱ्या चुकलेल्या गोळीनेही फिट येऊ शकते. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि त्यात खंड पडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

विसरणे हाच आजार असेल तर

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाप्रमाणे होते. पण वहीत लिहिले आहे हेच आठवत नाही, गजर कशासाठी वाजला ते कळत नाही, ओळखीचा रस्ता चुकतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, असे दिसू लागले तर नुसती वही पुरणार नाही. ‘म्हातारपण’ म्हणून सोडून न देता तपासणी करावी. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, अपुरी झोप, झोपेच्या गोळ्या यांमुळेही स्मरण मंदावते, आणि यांवर उपाय आहेत. अशा रुग्णाची औषधे घरातल्या एका ठरावीक माणसाने आपल्या हाताने द्यावीत.

थोडक्यात सांगायचे तर, आठवण करून देण्याचे काम मोबाईलला द्यावे आणि झाल्या कामाची नोंद वहीत ठेवावी. दोन्ही जमत नसेल, तर ज्याची सवय आधीपासून आहे ते एकच साधन निवडावे आणि ते रोज वापरावे. महागड्या डायरीची किंवा नव्या मोबाईलची गरज नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना मात्र ती वही, किंवा मोबाईलमधली नोंद, औषधांच्या पिशवीबरोबर न विसरता आणावी.