पारावरची माणसं बघतात म्हणून पळणं सोडू नका

पहाटे बूट घालून रस्त्यावर आलं की पारावरून पहिला प्रश्न येतो, "काय, भरती आहे का?" भरती नसेल तर आणखीच अवघड. चाळिशीतला माणूस किंवा घरची सून उगाच कशाला पळेल, हे गावाला पटत नाही.

खरा घोटाळा मात्र पुढे होतो. लोक बघतायत म्हटलं की आपण जोरात सुटतो. दोनशे मीटरवर धाप लागते, थांबावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी लाजेनं बूट कोपऱ्यात. पोलीस भरतीची तयारी करणारेही इथंच फसतात. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. सुरुवातीलाच दम संपला तर पुढं काय?

म्हणून एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं करा. पळताना सोबतच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करा. बीपी, शुगर किंवा छातीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिले पंधरा दिवस पाणंद रस्ता किंवा शाळेचं मैदान धरा, मग गावातून जा. बायकांनी दोघी-तिघींनी मिळून निघावं, कुत्र्यांचीही भीती कमी वाटते. सलवार-कुर्ता चालतो, ओढणी तेवढी घट्ट बांधा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, हे टोकणाऱ्याला सांगायला हरकत नाही.

पण थांबून सांगू नका, अंग गार पडतं. राम राम घाला आणि पुढं चला.