संगणकाची स्थळप्रत

कचेरीतून पत्र बाहेर पडले की त्याची एक प्रत नस्तीला लागते. दप्तरी भाषेत तिला ‘स्थळप्रत’ म्हणतात. पत्र टपालात गहाळ झाले, किंवा ते मिळालेच नाही म्हणून समोरच्याने हात वर केले, तरी स्थळप्रत साक्षीला उभी असते. कारकुनांच्या कित्येक पिढ्यांनी ही शिस्त पाळली. कागदाची जागा संगणकाने घेतली तेव्हा मात्र ती कागदाबरोबरच मागे पडली. शाळेचे निकालपत्रक, वेतनाची देयके, विद्यार्थ्याचा अर्धा लिहून झालेला प्रबंध, हे सारे पुष्कळदा एकाच तबकडीवर असते. आणि ती तबकडी कधी तरी बंद पडणार, हेही सर्वांना ठाऊक असते.

याचे खापर आळसावर फोडणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. टंकलेखन यंत्रात कार्बन घातला की पत्र आणि प्रत एकाच ठोक्यात उमटत. प्रत काढणे हे वेगळे काम नव्हतेच. संगणकावर ते वेगळे काम झाले, आणि तेही दिवसाच्या अखेरीस करावयाचे. जे काम आज टाळल्याने आज काहीच बिघडत नाही, ते माणूस उद्यावर ढकलतो. तेव्हा कोणाच्या तरी आठवणीवर विसंबलेली प्रत ही प्रतच नव्हे. हे काम यंत्राकडेच सोपवले पाहिजे.

त्यासाठी महागडी सामग्री लागते, हा समज खरा नाही. १९८१ साली एमएस-डॉस आली तेव्हापासून ‘बॅच फाइल’ची सोय आहे. बॅच फाइल म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवलेला साधा मजकूर. प्रती करणारी ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा व्हिस्टापासून विंडोजबरोबरच मिळते, आणि ठरल्या वेळी बॅच फाइल चालवण्यासाठी ‘टास्क शेड्युलर’ असतो. शाळेतील आठ-दहा संगणक एकमेकांना जोडलेले असतील, तर त्यांपैकी एकावर सामायिक फोल्डर करावा. त्यात सोमवार ते रविवार असे सात कप्पे पाडावेत. आणि प्रत्येक संगणकाने त्या-त्या वाराच्या कप्प्यात आपली प्रत टाकावी. मंगळवारची चूक शुक्रवारी ध्यानात आली, तरी सोमवारची प्रत शाबूत सापडते. विद्यार्थ्यालाही एका दुपारी शिकता येईल इतके हे सोपे आहे.

परंतु यंत्र सांगितलेले तेवढेच करते, आणि न सांगितलेले आपल्या रीतीने गृहीत धरते. रोबोकॉपीला मूळ फोल्डरचे हुबेहूब प्रतिबिंब करावयास सांगितले, तर मूळ ठिकाणी पुसली गेलेली फाइल ती प्रतीतूनही पुसून टाकते. एखादी फाइल अडकलेली आढळली, तर दर खेपेस ३० सेकंद थांबून ती १० लाख वेळा प्रयत्न करीत राहते. हा हिशेब जवळजवळ वर्षभराचा होतो, आणि तोवर पुढच्या फायली ताटकळत राहतात. प्रयत्नांची मर्यादा आपणच लिहून द्यावी लागते. काम संपल्यावर ती एक संकेतांक देते. तो ८ किंवा अधिक असला तर काहीतरी राहून गेले आहे, असे समजावे. पण तो अंक नोंदवून ठेवा आणि कोणीतरी पाहा, असे सांगणारी ओळ नसेल तर तो हवेत विरतो.

ही हयगय किती महाग पडते, याचे उदाहरण जपानमध्ये घडले. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर प्रती काढणाऱ्या आज्ञावलीनेच मूळ फायली पुसल्या. सुमारे ७७ टेराबाइट माहिती, ३ कोटी ४० लाख फायली आणि १४ संशोधनगट यांना ही झळ बसली. त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळण्याजोगी उरली नाही. जुन्या नोंदी साफ करणारी आज्ञावली चालू असतानाच तिच्या जागी सुधारित आवृत्ती ठेवली गेली. यंत्राने अर्धी जुनी व अर्धी नवी वाचली, फोल्डरचे नाव रिकामे राहिले, आणि नोंदींऐवजी संशोधनच पुसले गेले. पुरवठादार कंपनीने जबाबदारी स्वीकारली. पण त्यामुळे गेलेले संशोधन परत आले नाही. विंडोजची बॅच फाइलही अशीच ओळीओळीने वाचली जाते. तेव्हा चालू आज्ञावलीला हात लावू नये, हा धडा लहान शाळेलाही तितकाच लागू आहे.

२०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅब या कंपनीत उलट प्रकार घडला. चुकून माहिती पुसली गेल्यावर प्रती शोधल्या, तर नेमाने निघत असल्याचे मानलेल्या प्रती तेथे नव्हत्याच. प्रत निघत नसल्याचे इशारे टपालव्यवस्थेने नाकारले होते, म्हणून ते कोणापर्यंत पोचलेच नाहीत. एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी आपल्या कामासाठी हाताने काढलेली प्रत होती, म्हणून बाकीचे वाचले.

आणखी एक धोका आहे. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या. जाळ्यातून सदैव उघडा असणारा सामायिक फोल्डर अशा हल्ल्यात मूळ फायलींबरोबरच जातो. म्हणून एक प्रत सुट्या तबकडीवर घ्यावी, आणि काम होताच ती काढून कपाटात, शक्य तर दुसऱ्या इमारतीत, ठेवावी.

तात्पर्य, प्रत काढण्याचे काम यंत्राचे आणि ती तपासण्याचे माणसाचे, अशी कामाची वाटणी असावी. महिन्यातून एकदा एखादी फाइल प्रतीतून परत आणून, उघडून, वाचून पाहावी. कोणती फाइल आणली, कोणत्या तारखेची, ती उघडली की नाही, हे नोंदवहीत लिहावे, आणि मुख्याध्यापकांनी किंवा कार्यालयप्रमुखांनी त्याखाली सही करावी. या कामास अर्धा तास पुरतो. निकालाच्या आदल्या दिवशी संगणक बंद पडला, तर ती सहीच शाळेच्या उपयोगी पडेल. नस्तीतली स्थळप्रत डोळ्यांना दिसत असे. संगणकातली दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम उघडून पाहावी लागते.