जटपुऱ्याच्या दारासमोरची खोली

आमच्या वणीची जुनी माणसं अजूनही ‘चांद्याला’च, म्हणजे चंद्रपूरला, जातात. लग्नाचा बस्ता, दवाखाना, कोर्टकचेरी, काय असेल ते चांद्याला. घुग्घुसमार्गे तासा-दीड तासाचा रस्ता. कोळशाचे ट्रक वणीपासूनच सोबतीला असतात आणि वर्धा नदी ओलांडली की आपला यवतमाळ जिल्हा मागे पडतो. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, चंद्रपूरला शंभरदा जाऊन आले. पण आपण एका राजधानीत ये-जा करतोय, हे मला कळलं ते एका लॉजच्या गॅलरीत.

आईचा मोतीबिंदू काढला होता. सकाळी पट्टी उघडायची म्हणून जटपुरा गेटजवळच्या लॉजमध्ये दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. पहाटे झोप मोडली तशी बाहेर आले, तर समोर, अगदी नजरेच्या उंचीवर, दगडात कोरलेला सिंह. त्याच्या पंजाखाली हत्ती. गोंड राजांचं हे राजचिन्ह. खालून जाताना ऑटो, दुचाक्या आणि हॉर्नच्या गोंगाटात मान वर करायची सवडच मिळत नाही; या दरवाजाखालून मी आयुष्यभर मान खाली घालूनच गेले होते. पावसापाण्याने सिंहाच्या कडा गोल झाल्यात, पण हत्तीवरची त्याची पकड तेवढीच घट्ट आहे.

चहा घेऊन आलेला मुलगा म्हणाला, “मॅडम, आत्ताच पाहून घ्या. आठनंतर इथं पाय ठेवाले जागा नाही राहत.”

आई झोपली होती. मी चालत निघाले.

गोंड राजांची गादी आधी बल्लारपूरला होती. खांडक्या बल्लाळशहाला अंगभर फोड होते, झरपट नदीच्या पाण्याने ते बरे झाले, तिथेच अचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं, असं सांगतात. पुढे त्याच रानात कपाळावर पांढरा चांद असलेला ससा उलटा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. राणीने ओळखलं, ही जागा भ्याडाची नव्हे. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधला, म्हणून तो असा नागमोडी. ही दंतकथा झाली. तट मात्र खरा आहे, सुमारे ११ किलोमीटरचा. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या कुशीत बसलेला. त्याला चार दरवाजे: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे लहान दार. त्यांची नावं ऐका: चोर, विठोबा, हनुमान, मसण, बगड. मसण खिडकी म्हटल्यावर ती कशासाठी होती हे वेगळं सांगायला नको.

राजस्थानात राजवाड्यांची हॉटेलं झाली. जयपूरच्या रामबाग पॅलेसमध्ये पैसे मोजून राहता येतं. चांद्याच्या राजवाड्याच्या जागी जिल्हा कारागृह आहे. १८५८च्या २१ ऑक्टोबरला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वीर बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी इथेच फाशी दिली. आवारात दर्गा आहे, मोहरमच्या दिवसांत भाविकांसाठी कारागृहाचं दार उघडतं आणि तेवढेच दिवस साधा माणूस राजाच्या अंगणात पाऊल ठेवतो. मी बाहेरूनच हात जोडले.

अचलेश्वर दरवाजाशी आले तेव्हा ऊन पडलं होतं. तिथेच गोंड राजा बीरशहाची समाधी आहे. राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली, घुमटाची, शांत. ताजमहालाची गोष्ट आपल्या पोरांना तोंडपाठ असते. बायकोने नवऱ्यासाठी उभारलेली ही वास्तू वणीपासून इतकी जवळ असून मी एकाही वर्गाला कधी दाखवली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. बीरशहाचा खून झाला, मूल दत्तक घेतलं, आणि त्या मुलाच्या नावाने हिराईने राज्य चालवलं. चैत्रात यात्रेला लाखो पाय ज्या महाकालीकडे वळतात, ते देऊळही तिनेच नव्याने बांधलं.

१७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतलं. मग १८१८. त्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीराव पेशव्याला गाठलं ते आपल्या पांढरकवड्याजवळ. तिथून अ‍ॅडम्सच्या तोफा वळल्या त्या चांद्याकडे, आणि मे महिन्यात तट फुटला. पांढरकवड्याच्या पोरांना प्लासी पाठ असते, ही लढाई नसते.

तटावर नंतर झाडं माजली. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी कुऱ्हाडी-फावडी घेऊन तो मोकळा केला. सरकारी निधीची वाट पाहिली नाही. चिऱ्यांच्या फटीत अजून पिंपळाची मुळं दिसतात, हाताच्या मनगटाएवढी. एवढं एक मूळ दगड न ढळवता काढायला किती वेळ लागत असेल, याचा विचार करत मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

दहाला आईची पट्टी निघाली. सामान घ्यायला खोलीवर आलो, तर ती काळा चष्मा लावून गॅलरीत गेली. दोन वर्षं तिला भाकरीवरचा डाग दिसत नव्हता.

“बाई गं,” ती म्हणाली, “हत्तीची सोंड पाय, कशी दबली हाये ते.”