परदेशी कंपनीचं इंटरनेट बंद पडलं, तर नागपूरकरांनी तक्रार कुठे करायची?

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने अमेरिकेच्या 'स्टारलिंक'सोबत इरादापत्रावर सही केली. उपग्रहावरून इंटरनेट पोहोचवण्याच्या या योजनेत गडचिरोली, वाशीम, नंदुरबार आणि धाराशिव यांची नावं आहेत. पण नेट बंद पडलं तर फोन कोणाला करायचा?

स्टारलिंकची ग्राहकसेवा जगभर मुख्यतः ऑनलाइन तिकिटांवर चालते. म्हणजे आपल्या खात्यात लॉगिन करून तक्रार लिहायची. आणि नेटच बंद असेल तर? मोबाइलला रेंज शोधा! वेळेचाही प्रश्न असतोच. नागपुरात सकाळचे दहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची रात्र असते.

याची चुणूक भारताने आधीच पाहिली आहे. २०२१ मध्ये स्टारलिंकने परवाना नसताना ९९ डॉलर घेऊन इथे आगाऊ नोंदणी केली. नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने लोकांना सावध केलं आणि जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला पैसे परत करावे लागले. सरकारने कान धरला म्हणून हे झालं. एकट्यादुकट्या ग्राहकाच्या ईमेलने झालं असतं का, शंकाच आहे.

जून २०२५ मध्ये कंपनीला दूरसंचार परवाना मिळाला आणि इथेच ग्राहकासाठी फरक पडतो. परवाना असलेल्या कंपनीची भारतात नोंदणी असते, म्हणजे नोटीस पाठवायला पत्ता असतो. म्हणून पैसे भरण्याआधी बिल कोणाच्या नावाचं आहे, ते बघा.

तक्रार केल्यावर तिचा क्रमांक जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. 'ट्राय' मात्र वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही; अनेकांचा वेळ तिथेच जातो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. नागपूरकराला मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं. 'वाद लवादाकडेच न्यावा लागेल' असं करारात बारीक अक्षरांत लिहिलं असलं, तरी आयोगाचं दार बंद होत नाही.

भारतात कार्यालयच नसलेल्या कंपनीविरुद्ध मात्र निकाल लागला, तरी वसुली कठीण जाते.