तुमच्या वस्तीवरचे कुत्रे कोणाचे?



गोठ्यात जनावरे किती, असे कोणी विचारले तर आपण गायी, म्हशी, बैल, वासरे अशी अचूक संख्या सांगतो. पण वस्तीवर कुत्री किती, या प्रश्नाला "असतील तीन-चार" असे उत्तर मिळते. ती कोणाची आणि त्यांना लस कोणी टोचली, हे तर कोणालाच सांगता येत नाही. कुत्र्याला वागवण्याच्या रीती प्रांतोप्रांती वेगळ्या आहेत. त्यांतून आपण काय घ्यावे व काय टाळावे, हे या लेखात पाहू.

मेंढपाळाचे कुत्रे

पश्चिम महाराष्ट्रातील धनगर बांधवांच्या वाड्यावर कुत्रे हे राखणदार असते. माळरानावर लांडग्याची चाहूल माणसाआधी त्याला लागते. ते कळपाबरोबर चालते, रात्री कळपाशेजारी बसते आणि घरच्या भाकरीत त्याचा वाटा असतो. ही रीत चांगली आहे. मात्र मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे डोके, काळीज व फुफ्फुसे कुत्र्यापुढे टाकण्याची सवय घातक आहे. त्यांतील गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर व पाण्यात जातात. एका जातीच्या कृमीमुळे मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते व ती एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते. दुसऱ्या जातीमुळे जनावरांच्या आणि माणसांच्याही यकृतात व फुफ्फुसात गाठी होतात. म्हणून असे अवयव कच्चे न घालता खोल पुरावेत.

मुधोळचे शिकारी कुत्रे

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हे पूर्वीच्या घोरपडे संस्थानचे गाव आहे. तेथील सडपातळ, लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांची जात संस्थानिकांनी जोपासली. आपल्याकडे तिला कारवान म्हणतात व लांब केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. या भागात कुत्र्याची वंशावळ पाहतात, मादी कोणत्या नराला दाखवायची ते ठरवतात आणि पिल्ले विकून उत्पन्नही मिळवतात. 2005 साली भारतीय टपाल खात्याने या जातीवर तिकीट काढले. कुत्र्याला मोल आले की त्याची निगा आपोआप होते, हे मुधोळकडून शिकण्यासारखे आहे.

उसाच्या पट्ट्यातील वस्ती

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले या तालुक्यांत उसात बिबट्या राहतो. तेथे राखणीसाठी ठेवलेले कुत्रेच त्याचे भक्ष्य होते. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांच्या खाद्यात वजनाने सर्वांत मोठा, सुमारे 39 टक्के, वाटा कुत्र्यांचा आढळला. म्हणजे उघड्यावर बांधलेले कुत्रे बिबट्याला दारापर्यंत आणते. अशा भागात कुत्रे रात्री बंदिस्त जागेत ठेवावे आणि उष्टे-खरकटे व मेलेल्या कोंबड्या वस्तीजवळ टाकू नयेत. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा बांधतात, कारण बिबट्या मान धरतो. असा पट्टा गावच्या लोहाराकडून करून घेता येईल.

गावकुसाचे कुत्रे

खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. त्यामुळे दारी आलेल्या कुत्र्याला आपण सहसा उपाशी ठेवत नाही. ही भूतदया योग्यच आहे. पण भाकरी सर्वांची आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी स्थिती झाली की कुत्र्यांची संख्या वाढते, लस राहून जाते आणि पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, गावात शिरतो. या रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस काय आणि जनावर काय, वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर लस घेतल्यास मात्र तो पूर्णपणे टाळता येतो.

काही गावांत उपाय म्हणून विष घालतात. तो गुन्हा आहे. शिवाय त्याने रोग हटत नाही, कारण मोकळ्या जागी बाहेरची, लस न दिलेली कुत्री येतात. शेजारच्या गोव्यात 2014 पासून गावोगावी, पाळीव आणि मोकाट अशा दोन्ही कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालवली गेली. 2021 साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे तज्ज्ञ मानतात.

काय करावे

1. वस्तीवरील प्रत्येक कुत्रे कोणत्या तरी एका घराच्या नावावर करावे व गळ्यात पट्टा घालावा.
2. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस, नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दुसरी मात्रा आणि पुढे दरवर्षी एक लस द्यावी. तारीख गोठ्याच्या वहीत लिहावी.
3. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी पट्टकृमींवरील जंतनाशक द्यावे.
4. पिल्ले नको असल्यास नसबंदी करून घ्यावी. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण 2023 च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांनी करावयाचे आहे. त्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडावा.

कुत्रे चावल्यास

जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. पोटात 14 इंजेक्शने घेण्याची जुनी पद्धत आता बंद झाली आहे, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. नवीन लस दंडात थोड्याच मात्रांत देतात, पण ठरलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. चावणारे कुत्रे सुरक्षितपणे बांधता आले तर 10 दिवस नजरेखाली ठेवावे, परंतु तोपर्यंत लस थांबवू नये.

गाय, म्हैस किंवा बैल यांना कुत्रे चावल्यासही जखम अशीच धुवावी. धुताना हातमोजे घालावेत व पशुवैद्यकाकडून लस टोचून घ्यावी. पिसाळलेले जनावर लाळ गाळते, विचित्र ओरडते आणि त्याला गिळता येत नाही. घशात काही अडकले असेल असे समजून अशा जनावराच्या तोंडात कधीही हात घालू नये. ते वेगळे बांधून ताबडतोब पशुवैद्यकास कळवावे.

दरवर्षी 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्याच्या आसपास गावातील तरुण मंडळ व पशुवैद्यकीय दवाखाना यांनी मिळून लसीकरणाचा एक दिवस ठरवावा. त्या दिवशी प्रत्येक घराने आपापले कुत्रे दोरीने बांधून आणावे. जे कुत्रे कोणीच आणणार नाही, त्याला आणण्याची जबाबदारी त्याला रोज भाकरी घालणाऱ्याने घ्यावी.