रात्रीचें छायाचित्र : झडप किती वेळ उघडी ठेवावी?

कोजागिरीच्या रात्रीं गच्चीवर आटीव दुधाची वाट पाहत बसलेल्या मंडळींपैकीं कोणीतरी चंद्रावर कॅमेरा रोखतोच. आणि पाहतो तों काय, चंद्राच्या जागीं नुसता पांढरा ठिपका! कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें दृश्य सरासरीनें करडें आहे असें गृहीत धरून चालतो. काळ्या आकाशाचा विस्तार अफाट, चंद्र इवलासा. तेव्हां काळोखाला करडा करण्यासाठीं झडप फार वेळ उघडी राहते आणि बिचारा चंद्र करपून जातो.

वास्तविक चंद्र म्हणजे भर उन्हांत पडलेला खडक. त्याला दिवसाचाच हिशेब लावावा. भिंगाचें छिद्र एफ ११, संवेदकाची ग्रहणशीलता, म्हणजे आय. एस. ओ., १०० आणि झडप सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग उघडी, एवढ्यानें पूर्णचंद्रावरील डाग स्पष्ट उमटतात. त्याच चांदण्यांत न्हालेली गच्ची टिपावयाची तर छिद्र एफ २.८ आणि आय. एस. ओ. १६०० ठेवूनही ४ सेकंद लागतात. गुणाकार करून पहा. दोहोंतील अंतर लाखपट भरतें. एकाच चित्रांत दोन्ही यथातथ्य उतरत नाहींत, निवड करावीच लागते.

माझ्या मतें काळ ठरवितांना आधीं पहावें तें हें, कीं चित्रांत हलणारें काय आहे. पेल्यांत दूध ओतणारी आजी अर्ध्या सेकंदांतही पुसट होते. तिच्यासाठीं साठावा भाग हवा, आणि तो निव्वळ चांदण्यांत साधत नाहीं. जवळ घरगुती दिवा ठेवावा, आय. एस. ओ. वाढवावा. चित्र दाणेदार होईल, होऊं द्यावें. पुसलेला चेहरा मागाहून कोणत्याही युक्तीनें परत येत नाहीं.

निश्चल वस्तूंसाठीं मात्र तिवई घ्यावी आणि घाई करूं नये. आय. एस. ओ. ६४०० ठेवून १ सेकंदाचें कच्चें चित्र काढावें. तें पसंत पडलें, कीं आय. एस. ओ. १०० करून ६४ सेकंद द्यावे. फिल्मच्या काळीं हें त्रैराशिक फसत असे, कारण दीर्घकाळांत फिल्म मंदावे. डिजिटल संवेदक तसा मंदावत नाहीं. तारे हवे असतील तर पृथ्वीचें भान ठेवावें. ती तासाला १५ अंश फिरते. पूर्ण आकाराच्या संवेदकावर २४ मिलिमीटरचें भिंग असेल तर ५०० ला २४ नें भागून सुमारें २० सेकंद येतात; त्यापुढें ताऱ्यांच्या रेघा होतात. बारीक पाहणाऱ्यास १५ च बरे.

आणखी एक. अंधारांत कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांना फसवितो. काळवंडलेलें चित्रही तेथें उजळ दिसतें. म्हणून हिस्टोग्रामचा आलेख पहावा. तो सगळा डाव्या कडेला चिकटला असेल तर काळ दुप्पट करून पुन्हां घ्यावें.